शेतातली मोटर पुन्हा पुन्हा जळते? डीपीपासून बोअरपर्यंत काय काय तपासायचं

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुकानापुढे मोटरींची रांग लागते आणि त्यातल्या कित्येक मोटरी मी नंबर प्लेट न बघता ओळखतो, कारण त्या मागच्या उन्हाळ्यातही आलेल्या असतात. मालक पिकअपमधून मोटर उतरवता उतरवताच म्हणतो, "मागच्या टायमाला वाइंडिंग जरा कच्चं झालं होतं वाटतं." आता आमच्याकडून चुका होतच नाहीत असं नाही, पण बहुतेक वेळा वाइंडिंग ठीक असतं आणि मोटर पहिल्यांदा ज्या कारणाने जळाली ते कारण तसंच शेतात बसलेलं असतं, डीपीखाली (म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर) नाहीतर केबलमध्ये नाहीतर स्टार्टरच्या डब्यात. तिथे कोरी नवी मोटर नेऊन सोडली तरी ती पण वर येणार. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतोय, गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. डीपी, वरचे डीओ (११ केव्हीच्या बाजूचे लटकते फ्यूज), डीपीच्या पेटीतले फ्यूज, पोलवरचे जंप, यातलं काहीच आपलं काम नाही. लाइट गेलीय म्हणून माणूस वर चढतो आणि मधेच लाइट येते, नाहीतर कुणाचा तरी जनरेटर लाइनवर उलटा येतो, आणि अशी गेलेली माणसं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहितीत आहेत. आपली हद्द मीटरनंतरच्या मेन स्विचपासून पुढे, त्याच्या अलीकडचं असेल तर वायरमनला बोलवा नाहीतर १९१२ ला तक्रार टाका, दोन दिवस पाणी गेलं तर गेलं. आणि खाली जिथे चालू लाइनवर मीटर लावायचं लिहिलंय तिथे हात बसलेला नसेल तर गावातला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन सोबत घ्या.

आधी जळालेली मोटर नीट बघा

मोटर खोलताना मालकाने दुकानात उभं राहावं असं मला वाटतं. "जळाली" एवढंच ऐकून लोक घरी जातात, पण कशी जळाली हे कॉइल बघून दोन मिनिटांत कळतं. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच करपल्या असतील तर मोटरला झेपत नव्हतं, म्हणजे पंप जाम, व्होल्टेज कमी, किंवा रिलेने (जास्त करंटने आतल्या पट्ट्या तापल्या की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) वेळेवर पाडलं नाही. एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखं झालं असेल आणि बाकी वाइंडिंग कोरं करकरीत असेल तर तिथलं इन्सुलेशन गेलंय, ओल शिरली किंवा वीज कडाडल्यावर झटका बसला. आणि स्टार कनेक्शनच्या मोटरीत (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती) दोन फेज करपलेले आणि तिसरा नव्यासारखा असेल तर दुसरं काही शोधायला नको, एक फेज गेल्यावरही मोटर चालत राहिलेली आहे. डेल्टा मोटरीत याच्या उलट दिसतं, एकच फेज करपतो आणि दोन वाचतात, म्हणून वाइंडिंगवाल्याला आधी विचारायचं की ही स्टार आहे का डेल्टा. बोअरमध्ये बुडणाऱ्या, आत पाणी भरलेल्या सबमर्सिबलला काळं फारसं दिसत नाही, तिथे वायरीवरचं प्लास्टिक वितळून वेढे एकमेकांना चिकटतात, तरी कुठले वेढे चिकटले ते दिसतंच.

या मार्चमध्ये एक ५ एचपीची सबमर्सिबल आली, दीड वर्षात तिसऱ्यांदा. दोन फेज गेलेले, तिसरा साफ. मालकाचं म्हणणं, "फेज तर तिन्ही होते, मी स्वतः टेस्टर लावून बघितलं ना." तो खोटं बोलत नव्हता, टेस्टर बोलत होता.

टेस्टर का फसवतो

हे नीट समजून घ्या, कारण याच्यावरच सगळ्यात जास्त मोटरी जातात.

समजा डीपीच्या पेटीतला एक फ्यूज गेला. त्या लाइनवर शेजाऱ्यांच्या चार मोटरी आधीपासून चालू आहेत. चालती मोटर दोन फेजवर फिरत राहते आणि फिरता फिरता तिसऱ्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करून लाइनवर उलटं सोडते. तुम्ही मेन स्विचला टेस्टर लावला की तिन्हीकडे दिवा लागतो. टेस्टरचा दिवा ८०-१०० व्होल्टलाही पेटतो, त्याला पूर्ण आणि अर्धं यातला फरक कळतच नाही. मीटर लावला असता तर दोन फेजमध्ये ४१० आणि बाकी दोन जोड्यांमध्ये ३३०-३४० असं काहीतरी दिसलं असतं.

दुसरा प्रकार, ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ पडला. आपल्या डीपी वरून डेल्टा आणि खालून स्टार असतात, त्यामुळे वरचा एक फेज गेला की खाली एक फेज मेला असं होत नाही. वरच्या एका कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि बाकीच्या दोन सिरीजमध्ये येऊन त्यांना निम्मं निम्मं मिळतं. खाली न्यूट्रलपासून मोजलं तर एका फेजवर २४०, दोन फेजवर १२०-१२०. फेज टू फेज मोजलं तर दोन जोड्या ३६० च्या आसपास आणि एक जोडी शून्य! मोटरी चालू असतील तर हे आकडे थोडे हलतात पण ढब तीच राहते. घरातल्या दिव्यावरूनही ओळखता येतं, डीपीवरच्या एका फेजवाल्यांचे दिवे फुल आणि बाकी सगळ्यांचे निखाऱ्यासारखे लाल. अशा वेळी टेस्टर मात्र तिन्हीवर पेटणार, कारण १२० व्होल्ट त्याला पुरतात.

म्हणून टेस्टर खिशातच ठेवा आणि साधा मीटर घ्या. जुने वायरमन २३० व्होल्टचे दोन शंभरचे बल्ब सिरीजमध्ये जोडून ते दोन फेजमध्ये धरायचे, तिन्ही जोड्यांवर उजेड सारखा दिसला की लाइन ठीक. ती पद्धत अजूनही चांगली आहे, होल्डर नीट झाकलेले आणि वायरीला सांधा नसलेला पाहिजे एवढंच.

आता फ्यूज का गेला नाही ते बघा. ती मार्चमधली मोटर भरल्या लोडला ९ अँपिअर घेते. एक फेज गेला की उरलेल्या दोनमध्ये साधारण पावणेदोन पट, म्हणजे १५-१६ अँपिअर. किटकॅटमध्ये (चिनी मातीचा फ्यूज) १५ अँपिअरची तार म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची टिन केलेली तांब्याची तार, आणि ही तार तिच्या रेटिंगच्या जवळजवळ दुप्पट करंट गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे योग्य तार असली तरी १६ अँपिअरला ती ढिम्म हलणार नाही. आणि योग्य तार असते कुठे, केबल सोलून तिचे तीन-चार पदर पिळून बसवलेले असतात. फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी असतो, मोटर वाचवणं हे त्याचं कामच नाही. ते काम रिलेचं आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरचं, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या डब्याचं.

रिलेचा डायल

त्या मार्चच्या मोटरीच्या शेतावर मी स्वतः गेलो होतो, म्हटलं चौथ्यांदा नको. स्टार्टर उघडला तर रिलेचा डायल शेवटच्या टोकाला, १४ वर. विचारलं तर म्हणे, "मधे मधे ट्रिप व्हायचा म्हणून वाढवला." म्हणजे रिले दीड वर्ष ओरडून सांगत होता की जास्त करंट जातोय आणि आपण त्याचं तोंड बांधलं.

नियम सोपा आहे. साध्या डायरेक्ट म्हणजे डीओएल स्टार्टरला डायल नंबर प्लेटवरच्या अँपिअरवर ठेवायचा, आणि आधी ठेवून बघून चालताना खरे अँपिअर कमी येत असतील तर तेवढा अजून खाली आणायचा. प्लेट पुसली गेली असेल तर अंदाजासाठी एका एचपीला दीड अँपिअर धरा, सबमर्सिबल थोडं जास्त घेते, ५ एचपीला साडेआठ-नऊ. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मात्र बहुतेक जण चुकतात, मेकॅनिकसुद्धा. तिथे रिले लाइनमध्ये नसून वाइंडिंगच्या वायरीत असतो, त्यातून लाइनच्या ०.५८ पटच करंट जातो. १० एचपी मोटर लाइनला १५ अँपिअर घेत असेल तर रिले ८.७ वर पाहिजे. लोक १५ वर ठेवतात आणि मग रिले असून नसल्यासारखा, कारण तो पडेपर्यंत मोटर २६ अँपिअर ओढत असते.

रिले घेताना फेज गेल्यावर लवकर पडणारा, तिन्ही पट्ट्यांतला फरक ओळखणारा घ्या, आता चांगल्या कंपन्यांच्या रिलेत ते असतंच. तरी शेतावर वेगळा सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. फक्त व्होल्टेज बघणारा साधा प्रिव्हेंटर स्वस्त येतो पण वर सांगितलं तसं चालत्या मोटरींचं उलटं व्होल्टेज त्याला फसवू शकतं, म्हणून करंट बघणारा किंवा दोन्ही बघणारा घ्या. तो ड्राय रन पण पकडतो, बोअरचं पाणी तुटलं की करंट एकदम खाली येतो त्यावरून. बसवल्यावर एकदा खात्री करा, मोटर बंद, मेन बंद, एक फ्यूज काढा, मग चालू करून बघा, स्टार्टर उचलताच कामा नये, आणि प्रिव्हेंटर फक्त करंट बघणारा असेल तर उचलून काही सेकंदांत पडला पाहिजे. ही टेस्ट मी सांगेपर्यंत कुणी करत नाही, मग चार वर्षांनी कळतं की प्रिव्हेंटरच्या दोन वायरी मागच्या मेकॅनिकने "त्रास देतोय" म्हणून शॉर्ट करून ठेवल्यात.

आणि हो, रात्रीच्या सिंगल फेज लाइटवर कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर चालवायची हौस असेल तर माझ्या दुकानाचा पत्ता लक्षात ठेवा.

मीटर घेऊन काय काय मोजायचं

एक क्लॅम्प मीटर घ्या, आमच्याकडे टाँग टेस्टर म्हणतात, चार शेतकऱ्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. मोटर बंद असताना स्टार्टरच्या वरच्या स्क्रूंवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज. मग मोटर चालू करून पाच मिनिटांनी तेच पुन्हा. मग तिन्ही वायरींचे अँपिअर, एकेक वायर वेगळी काढून, सगळ्या एकत्र चिमट्यात धरल्या तर शून्यच दिसेल (हसू नका, असा फोन मला दरवर्षी येतो).

व्होल्टेज समजा ४००, ३८५, ४१२ आलं. सरासरी ३९९, सगळ्यात लांबचा आकडा ३८५, फरक १४, म्हणजे साडेतीन टक्के. दिसायला किरकोळ आहे पण एवढ्या फरकाने वाइंडिंगची गरमी साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढते, आणि अँपिअरमधला फरक व्होल्टेजच्या फरकाच्या सहा ते दहा पट दिसतो. एक टक्क्याच्या आत असेल तर उत्तम.

अँपिअर कमी-जास्त येत असतील तर दोष लाइनचा का मोटरीचा, यावर गावात भांडणं होतात, वायरमन म्हणतो मोटर, मेकॅनिक म्हणतो लाइन. त्याचा निकाल असा लावायचा. मेन बंद करून मोटरीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवायच्या, पहिलीची दुसऱ्या जागी, दुसरीची तिसऱ्या, तिसरीची पहिल्या. तिन्ही सरकवल्यामुळे मोटर उलटी फिरत नाही. पुन्हा मोजा. जास्तीचा करंट स्टार्टरच्या त्याच स्क्रूवर राहिला तर दोष लाइनकडे, आणि वायरीबरोबर पुढच्या स्क्रूवर सरकला तर दोष खाली केबलमध्ये किंवा मोटरीत. दहा मिनिटांचं काम आहे आणि मोटर वर काढायचे पैसे वाचतात.

केबल

त्या शेतावर डीपी ते स्टार्टर १८० मीटर आणि स्टार्टरपासून बोअरमध्ये खाली ७० मीटर, एकूण २५० मीटर, सगळी अडीच एमएमची तांब्याची चपटी केबल. बांधाने बाभळीच्या काट्यांतून ओढलेली, दोन ठिकाणी जॉइंट, त्यातल्या एकावर टेप सुटून गेलेला आणि वरून दुधाची पिशवी गुंडाळून सुतळीने बांधलेली. पिशवी सोडली तर आत तांबं काळंनिळं झालेलं आणि बाजूचं प्लास्टिक बिस्किटासारखं कडक, बोटाने तुटत होतं. तो जॉइंट एकाच फेजचा होता, म्हणजे एका फेजला कायम दहा-पंधरा व्होल्ट कमी. दोन-अडीच टक्क्यांचा फरक इथेच तयार होत होता, डीपीवर तिन्ही फेज सरळ होते.

आता केबलचा हिशोब. तांब्याच्या लवचिक केबलचा १०० मीटरला एका वायरीचा रेझिस्टन्स असा धरा: अडीच एमएमला ०.८ ओहम, चारला ०.५, सहाला ०.३३, दहाला ०.१९. अल्युमिनियम १० एमएम ही तांब्याच्या सहाच्या आसपास येते आणि अल्युमिनियम १६ ही तांब्याच्या दहाइतकी. थ्री फेजला व्होल्टेज किती पडतं ते काढायला १.७३ गुणिले अँपिअर गुणिले जातानाच्या एका वायरीचा रेझिस्टन्स. केबल तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो आणि पॉवर फॅक्टरमुळे तेवढंच कमी होतं, म्हणून ते दोन्ही सोडून दिलं तरी उत्तर बरोबरच येतं.

आमच्या केसमध्ये २५० मीटरचे २ ओहम, गुणिले ९ अँपिअर, गुणिले १.७३, झाले ३१ व्होल्ट. डीपीला ३९० असलं की मोटरीला ३६० च्या खाली. तीच केबल चारची असती तर १९, सहाची असती तर १३. पंधरा-वीस व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. आणि हे चालतानाचं झालं. सुरू होताना मोटर सहा पट, म्हणजे ५०-५५ अँपिअर ओढते, तेव्हा या अडीचच्या केबलमध्ये ७०-८० व्होल्ट पडतं (सुरू होताना पॉवर फॅक्टर फार कमी असतो, म्हणून वरच्या गुणाकारापेक्षा आकडा बराच कमी येतो) आणि मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे एक तृतीयांश जोर सुरुवातीलाच गेला. मग मोटर उचलायला वेळ लावते, तेवढा वेळ ते ५० अँपिअर वाइंडिंगमधून जात राहतात, म्हणून रिले पडतो, म्हणून डायल वाढवला, पुढचं तुम्हाला माहिती आहे.

आम्ही वरच्या १८० मीटरला सहाची टाकली आणि बोअरमध्ये चारची. ३१ चे १५ व्होल्ट झाले. केबलचं बिल बघून मालकाचा चेहरा उतरला होता, पण तीन वेळच्या वाइंडिंगचा, मोटर वर काढायच्या मजुरीचा आणि वाळलेल्या कांद्याचा हिशोब त्यानेच केला.

उरलेली केबल गुंडाळून खांबाला टांगायची सवय सोडा, वेटोळं आतून तापतं आणि फुकटची लांबी वाढते. तांबं आणि अल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका, अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि सांधा ढिला होतो, बायमेटल लग मिळतात ते वापरा. बोअरमध्ये जाणारे तीन जॉइंट एकाच रेषेत न करता मागे-पुढे करा, आधी रबराचा चिकटणारा टेप ताणून, वरून पीव्हीसी टेप, आणि खाली सोडायच्या आधी जॉइंट तासभर पाण्याच्या बादलीत बुडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावा. नवीन कामाला २० मेगाओहमच्या वर यायला पाहिजे, १ च्या खाली असेल तर खाली सोडूच नका.

एमसीबी कुठला

एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. दुकानदार म्हणतो मोटर आहे, ३२ अँपिअरचा न्या. ५ एचपीला १६ अँपिअर, सी टाइप, थ्री पोल पुरतो. सी म्हणजे रेटिंगच्या ५ ते १० पटीला लगेच पडणारा, १६ चा ८० ते १६० अँपिअरला. सुरुवातीचे ५५ त्याच्या खाली आहेत, त्यामुळे उगाच पडणार नाही. बी टाइप ३ ते ५ पटीला म्हणजे ४८ पासूनच पडू शकतो, तो नको. डी टाइप १० ते २० पट.

आता जे फार कुणी सांगत नाही ते. बारीक लांब केबलमध्ये शॉर्ट झालं तरी एमसीबीला ते शॉर्ट वाटत नाही! आपल्या २५० मीटर अडीचच्या केबलच्या टोकाला दोन फेज चिकटले तर जाऊन-येऊन ४ ओहम, ४१५ भागिले ४ म्हणजे १०४ अँपिअर, फार तर. १६ चा सी टाइप १६० पर्यंत लगेच पडायला बांधील नाही, तो पट्टी तापायची वाट बघत काही सेकंद काढू शकतो, आणि ३२ चा असेल तर तो त्याहून जास्त वेळ आरामात बघत बसेल, तोवर केबल पेटलेली. डीपीजवळ मात्र चित्र उलटं, ६३ केव्हीएच्या डीपीचा फुल लोड ८४ अँपिअर आणि तिचा अंगचा इम्पिडन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा साधारण साडेचार टक्के, म्हणजे तिच्या बुडाशी शॉर्ट झालं तर १८०० च्या वर. एकाच लाइनवर एका टोकाला अठराशे आणि दुसऱ्या टोकाला शंभर. केबल बदलल्यावर आमचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन १.९ झाला, शॉर्टला २२० अँपिअर, आता १६ चा एमसीबी नक्की लगेच पडतो. जाड केबल व्होल्टेजसाठी घेतली होती, प्रोटेक्शन त्यात आपोआप सुधारलं. बजेट असेल तर मोटरीचा स्पेशल ब्रेकर येतो, एमपीसीबी, त्यात अँपिअर सेट करता येतात आणि शॉर्टचं पण काम होतं, तो सगळ्यात चांगला.

डीपीवर किती मोटरी

५ एचपीची एक मोटर लाइनवरून जवळपास ६ केव्हीए घेते. ६३ च्या डीपीवर दहा, १०० च्या डीपीवर सोळा-सतरा, त्याच्या वर गेलं की व्होल्टेज बसणारच, मग आपण मोटरीला काहीही करा. त्यात सगळ्यांचे ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारे डबे) लावलेले. लाइट आली की दहाच्या दहा मोटरी एकाच सेकंदाला उचलायला बघतात, प्रत्येकी पन्नास अँपिअर, म्हणजे ८४ अँपिअरच्या डीपीवर पाचशे. एकही धड उचलत नाही, डीपीचा एखादा फ्यूज जातो आणि बाकीच्या दोन फेजवर घुमत बसतात. ऑटोच्या डब्यात डिले सेट करायचा स्क्रू असतो, डीपीवरच्यांनी एकदा बसून वाटून घ्या, पहिला १० सेकंद, दुसरा ३०, तिसरा ५० असं. आमच्या डीपीवर हे पारावर बसून ठरवलं, एक जण अजूनही शून्यावर ठेवतो, असो.

कॅपॅसिटर पण लावा, ५ एचपीला २ केव्हीएआर. ८ अँपिअर घेणारी मोटर डीपीकडून पावणेसातच्या आसपास घेऊ लागते, तेवढी डीपी आणि स्टार्टरपर्यंतची केबल कमी तापते. कॉन्टॅक्टरनंतर (स्टार्टरमधला लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) पण रिलेच्या आधी जोडा, नाहीतर रिलेला कमी करंट दिसतो आणि डायलचा हिशोब चुकतो. बंद केल्यावर मिनिटभर त्याला हात लावू नका.

अर्थिंग

"अर्थिंग आहे ना" म्हणून लोक निवांत असतात. मुरमाड रानात उन्हाळ्यात एका पाइपचा अर्थ २० ओहम सहज येतो. मोटरीच्या किंवा स्टार्टरच्या बॉडीवर फेज आला तर २४० भागिले २०, बारा अँपिअर. १६ चा एमसीबी बारावर पडतच नाही. स्टार्टरचा पत्र्याचा डबा जिवंत राहणार, आणि पहाटे बारं द्यायला गेलेला माणूस ओल्या पायाने त्याला हात लावणार. म्हणून अर्थ तर हवाच, ४० एमएमचा जीआय पाइप किमान अडीच मीटर खोल, कोळसा-मीठ घालून, उन्हाळ्यात पाणी टाकत राहायचं, पण त्याबरोबर चार पोलचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) लावा, माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा. तो मोटर सुरू केल्या केल्या पडत असेल तर काढून टाकू नका, केबलचा कुठला तरी जॉइंट पाणी धरतोय, मेगर लावून तो शोधा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

सगळं झाल्यावर पहिल्याच दिवशीचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी मोजल्यावर काय बदललं ते कळतं. त्या मार्चच्या स्टार्टरच्या झाकणाला आतून मी मार्करने लिहिलंय: ३९६-३९४-३९८, ८.७-८.५-८.८, रिले ९. मोबाइलवर फोटो काढला तर फोटो हरवतो, झाकण हरवत नाही.